आत्याचं वेळापत्रक

आत्या हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा तिच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. "बरोबर."

पाणी हवं असलं तरी बरोबर, उशी टोचत असली तरी बरोबर, आणि भेटायला आलेल्या माणसाने आता उठावं असं वाटत असलं तरी बरोबर. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा काही वेळ बंद पडला होता. त्यात तिचा उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. आपण बोललेलं तिला बरंचसं कळायचं, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की तेवढंच बाहेर यायचं. पनवेलच्या स्पीच थेरपिस्टने मला समजावलं, की अशा पेशंटकडे कधी कधी एखादा शब्द राहून जातो, बहुतेक वेळा आयुष्यभर तोंडात बसलेला. आत्याने सगळी नोकरी खालापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवण्यात घालवली होती. मुलं फळ्यापाशी उभी राहून गणित सोडवत असताना तिने हा शब्द किती वेळा उच्चारला असेल, कोण जाणे.

तिने लग्न केलं नाही. लोधिवलीला तिचं स्वतःचं छोटं घर होतं. मी दहिवलीला राहते. माझी नोकरी नवी मुंबईतल्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर तपासण्याची. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून बघायचे आणि कुठे चुकतायत ते सांगायचं. बरंचसं काम घरून चालायचं, म्हणून आत्या आजारी पडल्यावर मी लॅपटॉप पाठीला लावून स्कूटरवरून कर्जत-चौक रस्त्याने तिच्याकडे जायला लागले. दिवसभर तिच्याजवळ गावातल्याच एक काकू असायच्या. त्यांची मुलं आत्याकडे शिकली होती, म्हणून त्या तिला 'बाई' म्हणायच्या.

सुरुवातीला मी फार गोंधळून जायचे. "काय हवंय? पाणी? पंखा?" असं विचारत राहायचे आणि प्रत्येक प्रश्नाला 'बरोबर' ऐकून रडकुंडीला यायचे. काकूंनी मला एकदा बाजूला घेतलं.

"ताई, शबूद नाय ऐकायचा. तोंड बघायचं. आता बगा, भुवई वर गेली ना? म्हंजे च्यात साखर नाय."

मी आत्याकडे बघितलं. भुवई खरंच वर होती. चहात खरंच साखर नव्हती.

एप्रिलच्या शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या अजूनही इतिहासाचे तास घ्यायच्या आणि आत्याच्या बरोबरीने त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तब्येतीची विचारपूस झाली आणि मग त्या घुटमळल्या.

"विचारू नये अशा वेळी, पण वेळापत्रकाचं काय करायचं गं? शाळेचा कॉम्प्युटर बदललाय. नव्यावर बाईंचा प्रोग्रॅम चालतच नाही. जूनला शाळा उघडणार."

या प्रोग्रॅमची गोष्ट सांगायला हवी. त्या शाळेच्या दोन इमारती आहेत, रस्त्याच्या दोन बाजूंना. प्रयोगशाळा एकच. काही शिक्षक अर्ध्या दिवसाचे, काही कर्जतहून, काही खोपोलीहून येणारे. पूर्वी दर मे महिन्यात चार शिक्षक एका खोलीत बसून वेळापत्रक बनवायचे आणि बाहेर येताना त्यांतले दोघं तरी एकमेकांशी बोलत नसायचे. आत्याला याचा वैताग होता. निवृत्त झाल्यावर तिने कॉम्प्युटर घेतला आणि प्रोग्रॅमिंग शिकायला खोपोलीच्या एका क्लासला गेली. पहिल्याच दिवशी तणतणत परत आली आणि मला फोन केला.

"x बरोबर x अधिक एक, असं लिहिलं त्या पोराने बोर्डवर. म्हणजे शून्य बरोबर एक झालं की! हे गणित कुठल्या गावचं?"

मी खूप हसले. मग मला आठवलं, की अशाही भाषा असतात ज्यांत x ला एकदा पाच म्हटलं की तो शेवटपर्यंत पाचच राहतो. त्यांना फंक्शनल भाषा म्हणतात. त्यातल्या हॅस्केल नावाच्या भाषेचा आमच्या कॉलेजात एक तास झाला होता, आणि माझं ज्ञान त्या तासाबरोबरच संपलं होतं. मी आत्याला फक्त नाव सांगितलं. पुढचं सगळं तिने स्वतः केलं. इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले, शब्दकोश मांडीवर घेऊन पुस्तकं वाचली, आणि हळूहळू वेळापत्रकाचा प्रोग्रॅम उभा केला. कोण कधी मोकळं, कुठल्या वर्गाला काय किती, हे त्याला द्यायचं. तो सगळ्यांचं जमवून एक तक्ता काढून द्यायचा. मे महिन्यातली भांडणं बंद झाली. शिक्षक म्हणायचे, बाईंच्या मशीनशी कोण भांडणार!

त्या प्रोग्रॅमचा मूळ कोड तिने मला गेल्या वर्षी ईमेलने पाठवला होता. 'ठेव तुझ्याकडे, माझ्या कॉम्प्युटरचा भरवसा नाही.' तिचा अंदाज खरा ठरला. ती हॉस्पिटलमध्ये असताना तिचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. कर्जतच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून बघितला आणि यातून आता काही निघणार नाही असं सांगून परत केला.

म्हणजे माझ्याकडे कोड होता आणि नवा लॅपटॉप होता. मला वाटलं, तासाभराचं काम. कोडचं भाषांतर करून त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवतो तो कंपायलर मी आजचा, ताजा, उतरवून घेतला. आत्याने इतरांनी लिहिलेल्या काही लायब्ऱ्या वापरल्या होत्या, म्हणजे तयार कोडचे तुकडे, त्याही घेतल्या. बिल्ड सुरू केला, म्हणजे हे सगळं जोडून प्रोग्रॅम बांधायला लावला, आणि पडदा लाल अक्षरांनी भरून गेला. मधल्या काळात भाषा पुढे गेली होती, लायब्ऱ्या पुढे गेल्या होत्या. एक चूक दुरुस्त करावी तर तिच्या जागी तीन यायच्या. त्या भाषेतल्या चुकांचे संदेश वाचायचीही मला सवय नव्हती.

दोन-तीन दिवस झगडल्यावर मी ठरवलं, की हे सोडून द्यायचं. मला येणाऱ्या भाषेत सगळं नव्याने लिहायचं. आत्या खुर्चीत बसली होती, मी तिच्या शेजारी लॅपटॉप घेऊन.

"आत्या, मी हे पहिल्यापासून लिहून काढते. मला येतं त्या भाषेत. लवकर होईल."

"बरोबर," ती दातओठ खाऊन म्हणाली.

"नाय म्हणतायत," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"ते मलाही कळलं, काकू."

आत्याने डावा हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण खाली ढकलून बंद केलं. मग खिडकीकडे तोंड फिरवलं. मला राग आला. मी माझी सुट्टी घालवून तिच्यासाठी करतेय आणि हिचं हे. पण घरी जाताना चौक गाव मागे टाकल्यावर राग निवत गेला. बोलता येत नाही, लिहिता येत नाही, पेपर समोर धरला तर ओळी सरकतात. वर्षानुवर्षं विचार करून तिने जे बांधलं होतं, त्यातला तिचा विचार अजून शाबूत होता तो त्या कोडमध्ये. मी तो पुसून माझा लिहायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या एका सहकाऱ्याला फोन केला. त्याचं काम बिल्डचंच, म्हणजे कुणी लिहिलेला कोड कुठल्याही मशीनवर नीट उभा राहील अशी व्यवस्था लावण्याचं. मी सगळं सांगितल्यावर त्याने विचारलं, "तू कोड कशाला बदलतेयस? कोड ठीकच आहे. तो ज्या जगात चालत होता ते जग परत उभं कर."

"आणि ते कसं?"

"निक्स नावाचा प्रोग्रॅम आहे, तो वापर. मी शिकवतो."

त्याने फोनवर जे शिकवलं ते असं. एक फाइल लिहायची. तिच्यात आधी हे करा मग ते करा असं सांगायचं नाही. काय हवंय तेवढं मांडायचं. हा कोड, अमुक आवृत्तीचा कंपायलर, तमुक लायब्ऱ्या. बाकीचं निक्स बघतो. तो आपल्या मशीनवर आधीपासून काय पडलंय तिकडे ढुंकूनही बघत नाही. एक रिकामी खोली घेतो, फाइलीत लिहिलंय तेवढंच तिच्यात आणतो आणि तिथे बिल्ड करतो. जे लिहिलेलं नाही ते त्या खोलीत नसतंच. म्हणून तीच फाइल माझ्याकडे, शाळेत, कुठेही चालवली तरी तेच निघतं. आणि ज्या मोठ्या संग्रहातून तो लायब्ऱ्या आणतो, तो संग्रह रोज बदलत असला तरी त्याची जुन्या कुठल्याही दिवसाची प्रत मागता येते.

"कुठल्या दिवसाची मागू?" मी विचारलं.

"ज्या दिवशी तो कोड चालत होता हे तुला नक्की माहितीये त्या दिवसाची."

मला तो दिवस माहिती होता. आत्याच्या ईमेलवर तारीख होती.

फाइल लिहायला घेतली ती आत्याच्या शेजारी बसूनच. ती आधी खिडकीकडेच बघत होती. मग कधी तरी मान वळली. फाइलीत मी एका नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून आवृत्ती लिहिली, खाली तेच नाव पुन्हा वापरलं. निक्सची भाषाही फंक्शनलच, तिथेही नाव एकदा ठरलं की बदलत नाही. आत्या पुढे झुकली. तिची नजर त्या ओळीवरून खाली गेली, परत वर आली. पेपर वाचताना सरकणाऱ्या ओळी इथे तिला सरकताना दिसत नव्हत्या. पुढे मी थेरपिस्टला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गणिताची चिन्हं आणि बोलायची भाषा मेंदूत सगळीच्या सगळी एका जागी नसते. त्यांना ते जमत असेल तर रोज बसवा." ते औषध आम्हाला दोघींनाही आवडलं.

बिल्डसाठी बरंच काही नेटवरून उतरवायचं होतं. घरात रेंज धड नव्हती. मागच्या फणसाखाली मात्र चांगली यायची. मग काकूंनी खुर्ची बाहेर काढली, आत्याला धरून आणलं, मी तिच्या पायाशी चटईवर बसले. फणसाला ऐन भरात फळं लागली होती. लाइट गेली होती, लॅपटॉपची बॅटरी उतरत चालली होती आणि पडद्यावर एकेक लायब्ररी येऊन बसत होती. काकू भाजी निवडता निवडता विचारत राहिल्या, "झाला का ओ?"

"नाही अजून."

"आमचा भात पन इतका येळ नाय घेत शिजाय."

संध्याकाळच्या आत बिल्ड संपला. एकही लाल अक्षर नाही. आत्याच्या कोडमधला एक स्वल्पविरामही न बदलता तिचा प्रोग्रॅम उभा राहिला. मी दोन्ही हात वर करून ओरडले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीही. अर्धाच चेहरा हसायचा तेव्हा तिचा.

पण माझं कामच तपासण्याचं. चालला म्हणजे नीट चालला असं नव्हे. कोडबरोबर मागच्या वर्षीची सगळी माहितीही होती. मी मुख्याध्यापिकांना फोन केला आणि ऑफिसच्या भिंतीवरच्या मागच्या वर्षीच्या वेळापत्रकाचा फोटो मागवला. तीच माहिती दिल्यावर तेच वेळापत्रक यायला हवं, साधी गोष्ट. मी प्रोग्रॅम चालवला, तक्ता निघाला, फोटो शेजारी लावला.

नव्हता तोच. कुठलाही नियम मोडला नव्हता; एका शिक्षकाला एका वेळी दोन वर्ग दिले नव्हते, प्रयोगशाळेत दोन तुकड्या कोंबल्या नव्हत्या. पण चित्रकलेचे सर, जे अर्धा दिवसच यायचे, त्यांना पहिला तास देऊन मग मधली सुट्टी उलटेपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. आठवीच्या एका तुकडीला आठवडाभर गणित शेवटच्या तासाला होतं. फोटोतलं वेळापत्रक शहाणं होतं, हे नुसतं नियमात बसणारं.

मी लॅपटॉप आत्यापुढे धरला. तिने तक्त्यावरून बोट फिरवलं, आठवीच्या रांगेवर थांबली. तिचे ओठ हलले, मान ताठ झाली, घशातून काही तरी ओढून काढल्यासारखा आवाज आला.

"चूक," ती म्हणाली.

काकूंच्या हातातला पेला तसाच राहिला.

"काय म्हणालीस?"

"चूक!" आत्या जोरात म्हणाली. स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. मग आणखी दोनदा म्हणाली, आता मजेत, जिभेवर घोळवून. काकूंनी पेला ठेवला आणि आत्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "आवो बाई, आवो बाई," एवढंच म्हणत होत्या.

दोन शब्द झाले म्हणजे प्रश्न विचारता येतात, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी विचारत गेले. तुझा कोड चुकीचा आहे? "चूक." माहिती बदलली होती? "चूक." काही तरी राहिलंय, जे माझ्याकडे नाही? "बरोबर," आणि या वेळी ते खरोखरचं बरोबर होतं. मग तिने डाव्या हाताच्या दोन बोटांची कात्री केली आणि हवेत काही तरी कापलं. मग काही तरी चिकटवलं. परत कापलं, परत चिकटवलं. काकूंना वाटलं ब्लाउजचं काही तरी सांगतेय. मीही बराच वेळ काहीच्या काही विचारत बसले. आत्या वैतागली, तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि बोट लॅपटॉपवरच्या फाइलीत एका लायब्ररीच्या नावावर ठेवलं. अनेक शक्यतांतून जुळणारी शोधून काढणारी ती लायब्ररी, परदेशातल्या कुणी लिहिलेली. तिने पुन्हा कात्री चालवली.

"तू ही लायब्ररीच आतून बदलली होतीस?"

"बरोबर, बरोबर, बरोबर!"

आता सगळं लक्षात आलं. लायब्ररी तिच्या मनासारखी चालत नव्हती म्हणून तिने स्वतःच्या कॉम्प्युटरवर तिच्यात दुरुस्ती केली होती. तो बदल तिच्या कोडमध्ये नव्हता, ईमेलमध्ये नव्हता. तो फक्त त्या बंद पडलेल्या मशीनमध्ये होता. निक्सच्या रिकाम्या खोलीत आपण लिहिलं तेवढंच येतं, म्हणून तो नेमका गळला. मी कोडच बदलत बसले असते तर तक्ता माझ्या बदलांमुळे वेगळा आला की आणखी काही हरवलंय म्हणून, ते आम्हाला कळलंच नसतं.

मग रोज सकाळी तासभर आमचा एकच उद्योग. मी त्या लायब्ररीचा कोड उघडायचे आणि सावकाश खाली सरकवत जायचे. आत्या बघायची. थकली की डोळे मिटायची, मी थांबायचे. एका सकाळी ती एकदम पुढे आली आणि बोटाने पडद्यावर टकटक केलं. लायब्ररी शक्यता ज्या क्रमाने तपासते तो ठरवणारी छोटीशी जागा होती ती. ज्याचा नंबर पहिला त्याचं काम पहिलं, असा साधा क्रम.

"इथे बदल होता? मग काय होतं इथे?"

ते तिला सांगता येईना. मी अंदाज करायचे, लिहायचे, ती "चूक" म्हणायची. उलट क्रम? चूक. ज्याचे तास जास्त तो आधी? ती थबकली, मान तिरकी केली, मग चूक. जवळपास आहे पण नाही. मी डोकं खाजवत बसले. शेवटी तिने काकूंना खूण करून चिंचोक्यांचा डबा मागवला. स्टीलच्या ताटात डाव्या हाताने तिने चिंचोक्यांचे ढीग केले. काही मोठे, एक अगदी छोटा. छोट्या ढिगावर बोट ठेवलं आणि तो ताटात सगळ्यांच्या पुढे सरकवला. माझ्याकडे बघितलं. मग माझ्यासमोरचं वेळापत्रक दाखवलं, चित्रकलेच्या सरांची रांग.

ज्याच्याकडे मोकळ्या जागा सगळ्यात कमी, त्याचं आधी बघायचं. अर्धवेळ येणाऱ्या सरांकडे मोजके तास असतात. त्यांना शेवटी घेतलं तर उरलंसुरलं मिळणार. ज्यांच्याकडे भरपूर मोकळीक आहे ते नंतर कुठेही बसतात. मी तसं लिहिलं. एकच ओळ होती. ती वाचून आत्याने डोळे मिटले आणि खुर्चीला पाठ टेकली.

ती ओळ मी एका छोट्या वेगळ्या फाइलीत ठेवली. याला पॅच म्हणतात. निक्सच्या फाइलीत सांगितलं, की ही लायब्ररी घे, तिला हा पॅच लाव आणि मग पुढचं कर. आता तो बदल कुणा एकाच्या मशीनच्या पोटात नव्हता, उघड लिहिलेला होता. बिल्ड केला, मागच्या वर्षीची माहिती दिली, तक्ता आणि फोटो शेजारी शेजारी लावले. मी वाचत गेले, काकू फोटोवर बोट ठेवत गेल्या. सोमवारपासून शनिवारपर्यंत, एक रकाना इकडचा तिकडे नाही.

मे संपता संपता मी आत्याला रिक्षाने शाळेत घेऊन गेले. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच एवढी बाहेर पडली होती. मुख्याध्यापिका पायरीपर्यंत आल्या आणि दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर मी निक्स टाकलं, आमची फाइल दिली, एक आज्ञा लिहिली. माझ्याकडे जे निघालं होतं तेच तिथेही निघालं. मग या वर्षीची माहिती भरली. एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, विज्ञानाचे एक नवे सर, एक तुकडी वाढलेली. थोड्या वेळाने तक्ता आला. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून तो वाचला.

"बाई, मला शुक्रवारी सलग तीन तास दिलेत हो तुम्ही!"

"बरोबर," आत्या म्हणाली, आणि त्या वेळी ऑफिसात असलेले सगळे, शिपायापासून नव्या सरांपर्यंत, हसले.

मला वाटलं होतं तिथे हे काम संपेल. पण माझ्या त्या सहकाऱ्याने डोक्यात एक किडा सोडला. तो म्हणाला, पॅच स्वतःजवळ ठेवला तर तो जन्मभर सांभाळत बसावं लागेल. लायब्ररी लिहिणाऱ्यांकडेच पाठव. मी पाठवला. आठवड्याभराने तिकडून उत्तर आलं, सभ्य पण शंका घेणारं. हा क्रम का घ्यावा? सगळ्यांना उपयोगी पडेल कशावरून? मी ते मराठीत करून आत्याला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, भुवया जुळवल्या आणि चिंचोके मागितले. या वेळी तिने ताटात पूर्ण उदाहरण मांडलं. छोटा ढीग शेवटी घेतला तर गाडं कुठे अडतं, मागे किती फिरावं लागतं, आणि आधी घेतला तर कसं सरळ सुटतं. मी प्रत्येक पायरीचा फोटो काढला, खाली इंग्रजीत समजावून लिहिलं आणि पाठवून दिलं.

त्या माणसाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. उदाहरण पटलं, बदल घेतोय, ज्याला हवा तो हा क्रम निवडू शकेल अशी सोय करतो. खाली एक प्रश्न होता: फोटोतल्या या तपकिरी बिया कसल्या? काकूंना हे सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. "चिंचोकं नाय म्हाईत त्यास्नी? मग खेळत्यात काय त्यांची पोरं?"

पुढच्या काळात आत्याकडे शब्द येत गेले, भराभरा नाही, पण येत गेले. चूकनंतर 'थांब' आला, मग 'पुढे'. काकूंना हाक मारता यायला लागली. कधी कधी ती अख्खं वाक्य सुरू करते आणि अर्ध्यात हरवते. तेव्हा आम्ही घाई करत नाही. माझंही बदललं. कंपनीत मी तपासणीचं काम सोडून बिल्डच्या गटात गेले. मुलाखतीत विचारलं, या कामाचा अनुभव आहे का? मी लोधिवलीच्या फणसाखालचा बिल्ड सांगितला. त्यांनी घेतलं. कडावच्या एका शाळेलाही आता वेळापत्रक हवंय. त्यांच्यासाठी मला नवं काही करावं लागलं नाही. फाइल पाठवली, त्यांच्या कॉम्प्युटरच्या सरांनी ती चालवली आणि त्यांचं ते उभं राहिलं. सरांनी फोनवर दोन शंका विचारल्या, तेवढंच.

आत्याने आणखी एक प्रोग्रॅम लिहिला होता, प्रत्येक मुलाला त्याच नमुन्याचं पण वेगळ्या आकड्यांचं गणित काढून देणारा. शेजाऱ्याकडे बघून लिहिता येऊ नये म्हणून. तोही तिने ईमेलने मला पाठवून ठेवला होता. गेल्या रविवारी तो आम्ही उघडला. मी फाइल लिहायला घेतली, वर कंपायलरची आवृत्ती टाकली आणि लायब्ऱ्यांची नावं कोडमध्ये शोधत बसले. आत्याने माझा हात कीबोर्डवरून बाजूला सारला. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने तिने एक अक्षर शोधलं, दाबलं, मग दुसरं शोधायला लागली. पहिल्या लायब्ररीचं नाव पुरं व्हायला बराच वेळ लागला. काकूंनी तिच्या शेजारी चहा आणून ठेवला. तो तसाच निवत राहिला आणि ती पुढच्या ओळीवर गेली.